मिस्त्रींच्या अंगणातली माणसं

घर भाड्याने घ्यायचं तर आधी त्याचं अंगण बघावं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बोरी बुद्रुकच्या उपकेंद्रात नर्स म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आळेफाट्याला एसटी बदलून, ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह असा सगळा संसार घेऊन मी गावात उतरले ती ऐन दिवेलागणीला. खोली ठरवलेली होती, पण पाहिलेली नव्हती. एका बाईने लांबूनच बोट करून घर दाखवलं. नदीकडच्या रस्त्याचं शेवटचं. फाटक ढकललं तर अंगणात बरीच माणसं बसलेली. कोणी उकिडवं, कोणी बाजेवर, एक बाई दुसरीच्या डोक्यातल्या उवा बघतेय, एकजण मागे हात नेऊन पाठ खाजवतोय. मी नमस्कार म्हटलं. कोणी बोललं नाही. पुन्हा जरा मोठ्याने म्हटलं. सगळे ढिम्म. ट्रंकेने माझा हात तुटायला आला होता आणि एवढ्यांतल्या एकालाही उठून ती घ्यावीशी वाटेना. माझा स्वभाव मुळातच तापट. मी तिथल्या तिथे सुनावलं, "माणसं आहात का दगड?"

घरातून एक ठेंगणी बाई कंदील घेऊन बाहेर आली.

"सिमेंट हायेत," ती म्हणाली. "दगड परवडत न्हाई त्यांना. या आत."

ही माझी घरमालकीण. सगळं गाव तिला माई म्हणायचं. आणि 'त्यांना' म्हणजे तिचा नवरा, माझे घरमालक. त्यांना नाव होतं, पण ते मतदार यादीत. गावाला ते नुसते मिस्त्री.

मिस्त्रींनी उभा जन्म विहिरी, गोबरगॅसच्या टाक्या आणि संडास बांधण्यात घालवला. काम झालं की उरलेलं अर्धं-पाव पोतं सिमेंट ते मालकाकडून मागून आणायचे. सायकलची मोडकी रिम, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, बेल्ह्याच्या बाजारातून उचललेल्या गंजक्या सळया, फुटक्या बरण्या आणि कपबश्या, यातलं त्यांनी काही टाकून दिलेलं मी पाहिलं नाही. आधी सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर थापीने सिमेंट. शेवटचा हात मात्र पांढऱ्या राखेचा. बोरीला नदीच्या दरडीत कुठल्या तरी जुन्या ज्वालामुखीच्या ह्या राखेचा थर आहे. पुण्याहून कॉलेजवाले यायचे, दरड खरवडून राख पिशव्यांत भरून न्यायचे आणि म्हणे तिचा अभ्यास करायचे. मिस्त्री ती घमेल्याने आणायचे, माईच्या पुरणाच्या चाळणीने चाळायचे आणि सिमेंटात कालवायचे. त्याने कातडी गुळगुळीत होते, असं त्यांचं म्हणणं. चाळणीवरून जे भांडण व्हायचं ते भिंतीपलीकडच्या माझ्या खोलीत शब्दन् शब्द ऐकू यायचं, आणि मला ते आवडायचं.

अंगणात फक्त माणसं होती असं नाही. पाण्याच्या टाकीवर चढलेली शेळी होती, उखळाशेजारी खुराडं आणि त्यावर बसलेला कोंबडा होता, कोणाच्या तरी मेलेल्या बैलाची खरी शिंगं लावलेला एक सिमेंटचा बैल होता. पण मिस्त्रींचा जीव माणसांत. तीही काही करत नसलेली माणसं. पुढाऱ्याचा पुतळा करा म्हणून एकदा कोणीतरी आलं, तर त्यांनी विचारलं, "बसल्याला करू का आडवा पडल्याला?" ते परत आले नाहीत.

मिस्त्रींच्या कमरेला करवतकाठी धोतराच्या निरीत ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरीचा लोलक, खोचलेला असायचा. समोर कोणी येऊन उभं राहिलं की तो ओळंबा काढून एक डोळा मिटून धरायचे. पाहुण्यांना वाटायचं म्हातारा वेडा आहे. माझ्यासमोर धरला तेव्हा मीही तेच म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तुमचा डावा खांदा खाली हाय. लशीचा डबा वाहता नव्हं का?" मी खट्टू झाले हे पाहून पुढे म्हणाले, "वाईट कशाला वाटून घेता? भिंत वळंब्यात पायजेल. मान्साला काय करायचाय वळंबा."

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी मला केलं. डावा खांदा पाडलेली, हातात लशीचा डबा, पदर खोचलेला आणि कपाळाला आठी. कोपऱ्यात मोरीजवळ उभी केली. हुबेहूब होती, म्हणून तर मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. गावातली पोरं तिला बघून दंड धरून रडायची. एक तान्ह्याची आई मला म्हणाली, "तुमी आलात तर चालंल सिस्टर, पर तुमच्या खोलीवर न्हाई येनार आमी." मग मीच त्या सिमेंटच्या सिस्टरच्या डब्यावर तुळशीची कुंडी ठेवली. त्याने जरा बरं दिसायला लागलं.

माईला ह्या गोतावळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. तिचं एकच म्हणणं, "आख्ख्या गावाला अंगनात आनून बसिवलंय ह्या मान्सानं. च्या कुनी करायचा?" ती पाठ खाजवणाऱ्याच्या कोपरावर ओल्या साड्या टाकायची, उवा बघणाऱ्या बायांच्या मांडीवर मिरच्या वाळवायची, शेळीच्या पाठीवर गोधडी. उन्हाळ्यात कुरडया घालायच्या दिवशी तर जागेसाठी दोघांची चकमक ठरलेली. "एक तरी मानूस उठीव, मला कुरडया घालायच्यात," ती ओरडायची, आणि मिस्त्री खरोखरच बाजेवरच्या सिमेंटच्या माणसाला विचारून यायचे आणि सांगायचे, "नाय म्हनतोय."

तिचं तोंड बोलायच्या आधी किंचित डावीकडे वाकडं व्हायचं. ते वाकडं झालं की समोरच्याने समजायचं, आता आपली काही धडगत नाही. मी इतक्या बायका पाहिल्या, पण राग इतका शोभणारी दुसरी पाहिली नाही. आणि तिचा राग पोचेपर्यंत तुमच्या हातात गरम भाकरी आलेली असायची.

तिचा पुतळा मात्र अंगणात नव्हता. मिस्त्रींनी कितीदा विचारलं, तिने दाद दिली नाही. "मेल्यावर काय करायचं ते कर. जितेपनी मला शिमिट लावायचं नाय."

देव करायचा नाही हा मिस्त्रींचा स्वतःचा नेम. मागणी असायची. कोणाला मारुती हवा, कोणाला गणपती, कोणाला शेतात म्हसोबा. मिस्त्री हात जोडून नाही म्हणायचे. "देवाशी काय वाकडं नाय माजं. पर देव केला का आंगन आपलं ऱ्हात नाय. लोकं चपला काढून आत येत्यात, मंग आपल्यालाच चपला काढाय लागत्यात." लोकांना ते नास्तिक वाटायचे. तसे ते नव्हते. एकादशी करायचे, पण साबुदाण्याची खिचडी मिळते म्हणून करतात, असं माई म्हणायची.

ऊस वाढला तसे आमच्या भागात बिबटे वाढले. त्या काळातली एक गोष्ट मी अजून सांगते. सकाळी दूध गोळा करणारा टेम्पोवाला फाटकाशी थांबला आणि भिंतीवरून डोकावून म्हणाला, "मिस्त्री, बिबट्या मातर झ्याक जमलाय राव! कवा केला?"

मिस्त्री तोंड धूत होते. म्हणाले, "कंचा बिबट्या? म्या नाय क्येला."

टेम्पोवाल्याने पुन्हा पाहिलं. बिबट्या सिमेंटच्या बैलाशेजारी बसलेला होता आणि त्याने कान हलवला. पुढे काय झालं ते टेम्पोवाला वेगळं सांगतो, मिस्त्री वेगळं. मी खोलीचं दार आतून लावून घेतलं, एवढंच मला नक्की माहीत आहे. बिबट्या आपला उसात निघून गेला. मिस्त्रींना मात्र दिवसभर एकच गोष्ट लागून राहिली होती, त्याने बैलाला खरा समजून धरायला हवं होतं. "दोन हात लांब बसला. म्हंजी कायतरी चुकलंय बैलात."

अशी वर्षं गेली. बदलीची वेळ आली की मी खटपट करून तिथेच राहायचे. नातेवाईक विचारायचे, त्या खेड्यात तुझं आहे काय? मी सांगायचे, घरमालक बरे आहेत.

माई गेली ती मार्गशीर्षात, कांद्याची लागण चालू असताना. छातीत कळ आली, म्हणून ओट्यावर टेकली. मला हाक मारेपर्यंत संपलं होतं. मी नर्स, भिंतीपलीकडे होते, आणि माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हिरवी साडी नेसवून, मळवट भरून तिला नेलं. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण गेली, बाया म्हणाल्या, पुण्यवान. मिस्त्री कोणालातरी म्हणाले, "मेली, त्यात कसलं आलंय पुन्य?"

त्यांचं जेवण धाकट्या भावाकडून यायला लागलं. भाऊ शेजारच्याच घरात, आणि भावाची बायको, म्हणजे माईची धाकटी जाऊ, रोज दोन वेळा स्वतः ताट घेऊन यायची. कामाला वाघीण आणि बोलायला मऊ. माईच्या अगदी उलट. पण दोघी जावा जन्मभर एका पाट्यावर वाटत आल्या होत्या, आणि थोरली गेल्यावर धाकटी अर्धी झाली.

पाऊस लागला तशी मिस्त्रींनी माईला करायला घेतली. पावसाळ्यात सिमेंटला पाणी मारावं लागत नाही, हा त्यांचा हिशेब. ओट्यासमोर, जिथे ती धान्य पाखडायला बसायची त्याच जागी. मांडीवर खरं बांबूचं सूप. बाकी शरीर पटकन झालं, तोंड मात्र होईना. रोज संध्याकाळी मी उपकेंद्रातून आले की ते विचारायचे, "बगा, झाली का?"

"माई आहे," मी म्हणायचे, "पण रागावलेली नाही."

ते तोंड खरवडून टाकायचे. पुन्हा राख चाळायची, पुन्हा कालवायची. एका संध्याकाळी मी फाटकातून आत आले आणि पायातल्या चिखलाच्या चपला पटकन मागे घेतल्या. मला वाटलं, ती आता ओरडणार. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि थापी धुऊन ठेवली. डोळे बारीक केलेले, नजर फाटकातून येणाऱ्यावर, तोंड किंचित डावीकडे गेलेलं. ह्यानंतर ते सकाळचा चहा तिच्याशेजारी बसून प्यायला लागले. मला ते पाहायला बरं वाटायचं.

त्याच भाद्रपदात अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बाईचा तो दिवस. धाकटी जाऊ ओटीचं ताट घेऊन आली, माईला हळद-कुंकू लावलं, सुपात खण, नारळ, तांदूळ घातले आणि तिच्या पायांशी बसून रडली. मिस्त्रींनी अडवलं नाही. "जाऊ हाय. हक्क हाय तिचा," ते मला म्हणाले.

खरं तर ते तिथेच थांबायचं. पण धाकटीच्या लेकीला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. त्या दिवशी मायलेकींनी तिथे काय मागणं घातलं कोण जाणे, पुढच्या वर्षी लेकीला मुलगा झाला. बाळंतपण मीच केलं. लेकीची तब्येत सुधारायला औषधं मी दिली, पुण्याच्या डॉक्टरांकडे मी पाठवलं, पण श्रेय गेलं सिमेंटला. मला त्याचा राग आला नाही असं नाही.

धाकटीने पुतळ्यापुढे पाळणा बांधला. मग शेजारच्या बाया आल्या. मग पलीकडच्या आळीतल्या. मग लोणीहून एक जीपभर पाहुण्या. हळद-कुंकवावर हळद-कुंकू चढलं, मग कोणीतरी शेंदूर लावला. दूधवाल्या टेम्पोच्या काचेवर 'माई प्रसन्न' असं आलं. ते वाचून मिस्त्री माझ्याकडे वळले. "माई आन् प्रसन्न? आख्ख्या संसारात मला दिसली नाय कवा."

आम्ही दोघंही हसलो. तेवढंच शेवटचं हसणं, कारण पुढच्या मंगळवारी कोणीतरी तिला चांदीचे डोळे चिकटवले. देवाला लावतात तसे, मेणाने. मोठे, टक्क उघडे. ते कोणाकडेच बघत नव्हते. मिस्त्रींनी नखाने काढून टाकले. दुसरे आले. तेही काढले, तिसरे आले. शेंदराचा थर इतका झाला की ओठांच्या कोपऱ्यातली ती वाकडी रेघ भरून सपाट झाली. मिस्त्री चहाचा कप घेऊन यायचे आणि बसायला जागा नसायची. त्यांच्याच अंगणात लोक त्यांना चपला काढायला सांगत.

धाकटीशी ते एकदाच बोलले, ताट घेऊन आली होती तेव्हा. मी तिथेच होते.

"बाय, तुला काय रागावत नाय मी. पर तिचं तोंड बुजलं बग समदं."

"भावजी," ती खाली बघून म्हणाली, "तुमच्या एकल्याची व्हती का ती? नवी नवरी आले तवा ह्याच आंगनात तिनं मला न्हाऊ घातलं. आता ती समद्यांचं करतीया. करू द्या की."

मिस्त्री ताट घेऊन आत गेले. जिच्या हातची भाकरी खातो तिच्याशी भांडायचं कसं, आणि तीही खोटं बोलत नव्हती.

त्या वर्षी गावाने ठरवलं, नवरात्रात घट बसवायचे, वर पत्र्याचा मंडप घालायचा आणि मुखवटा चढवायचा. जुन्नरला पितळी मुखवटा सांगूनही झाला. घटस्थापनेला तो एकदा बसला की खालचं तोंड पुन्हा कोणाला दिसणार नव्हतं. मी मिस्त्रींना म्हटलं, गावाला दुसरी मूर्ती करून द्या, ही आपल्याला राहू दे. ते म्हणाले, "तिचा मला ह्यो येवढाच चेहरा जमला बाई. दुसरा येत नाय मला."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अमावस्या. आमच्याकडे पोळा भाद्रपदात असतो, त्याच अमावस्येला. दुपारपासून सगळं गाव बैलं धुण्यात, शिंगं रंगवण्यात. बैलं कमी झाली होती, ट्रॅक्टर आले होते, तर लोकांनी ट्रॅक्टरलाही झुली घातल्या होत्या. लांबून हलगी ऐकू येत होती. मी खोलीत पडले होते आणि अंगणात हातोडीचा आवाज झाला. एक घाव, थोडा वेळ काही नाही, मग दुसरा.

बाहेर आले तर मिस्त्री माईसमोर जमिनीवर बसलेले. तिचा डावा हात मनगटापासून फुटला होता. सिमेंट खाली पडलं होतं, आणि पंजा आतल्या सळईला लोंबत होता.

"तोंडावर मारायचं म्हून उठलो व्हतो," ते म्हणाले. "तोंडावर हात चालला नाय."

"अहो पण का?"

"भंगल्याली मूर्त पुजत नाईत, बाई. शास्तार हाय. आता मुखवटा नाय आन् मंडप नाय. झालं, सुटली ती." त्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी समाधान होतं. मला म्हणाले, "च्या ठिवता का जरा?"

चहा उकळेपर्यंत पोळ्याची मिरवणूक गावातून परतली. नदीकडच्या रस्त्याला वळण घेऊन ती आमच्या दारावरून जायची. धाकटी जाऊ बैलांना ओवाळायचं ताट घेऊन पुढेच होती. तिने आधी पाहिलं. ताट तिच्या हातातून पडलं. मग सगळेच आत आले, आणि हलगी बंद पडली.

मिस्त्रींनी लपवलं नाही. "म्या फोडला," म्हणाले. "आता हिची पूजा व्हत नाय. जा आपापल्या घरी."

एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले. शांतपणेच म्हणाले, "पूजा व्हत नाय हे खरं हाय, मिस्त्री. पर भंगल्याली मूर्त ठिवता बी येत नाय. पान्यात सोडावी लागती. उद्या घट बसायच्या आत."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. एवढा हिशेबी माणूस, पण ही दुसरी बाजू त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. लोकांना मात्र ती लगेच पटली. जे झालं ते वाईट झालं, पण त्याला रीत होती, आणि रीत सापडली की माणसं कामाला लागतात. झूल घातलेला एक ट्रॅक्टर ट्रॉलीसह फाटकाशी उलटा लावला. दोर आले, पहार आली. नदीला पाणी होतं, डोह भरलेला होता. वाजवत न्यायची, असं ठरलं. हलगीवाले तयार होतेच.

मिस्त्री माईच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. "देव आसंल तर भंगंल," ते ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. "ही बायकू हाय माजी. बायकूचा हात मोडला म्हून कोन तिला नदीत टाकतं का?"

"मिस्त्री, आता ती तुमची बायकू ऱ्हायली नाय," ते म्हातारे म्हणाले. त्यांच्याही आवाजात वाईट वाटणं होतं.

मिस्त्रींनी इकडे तिकडे बघितलं. भाऊ मान खाली घालून उभा. धाकटी तोंडाला पदर लावून. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"बाई, तुमी सांगा. बाईमान्साचा हात मोडला तर काय करत्यात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पट्टी बांधतात."

"मंग बांधा की."

मी खोलीत गेले आणि पेटी आणली. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग येत होता, गावाचा, मिस्त्रींचा, त्या टक्क उघड्या डोळ्यांचा, आणि डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून स्वतःचाही. पण हाताला सवय असते. घावाने मोडलेल्या सुपाच्या दोन कामट्या घेतल्या, लोंबणारा पंजा सरळ धरला, खाली एक, वर एक कामटी ठेवली आणि पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. गावातल्या निम्म्या पोरांना मी जगात आणलेलं, उरलेल्यांना सुया टोचलेल्या. मला कोणी अडवलं नाही. गुंडाळताना माझ्या तोंडून रोजचंच वाक्य गेलं, पेशंटला म्हणते ते.

"हात सैल सोडा, माई. झालंच आता."

मिस्त्रींनी आतून माईचं जुनं लुगडं आणलं, त्याची पट्टी फाडली. मी ती तिच्या गळ्यात बांधून हात झोळीत घेतला. गाठ मारली आणि उठले.

मग धाकटी जाऊ पुढे आली आणि तिच्याजवळ खाली बसली. पट्टीवर हलकेच बोट ठेवलं.

"लई दुखत आसंल न्हाई?" तिने मला विचारलं.

"दुखणार," मी म्हटलं. "विश्रांती पाहिजे."

तिने मान हलवली. मग माईच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा, आणि तिचा अंगठा चांदीच्या डोळ्याला लागला. तिने तो नखाने सोडवला, मग दुसरा सोडवला, दोन्ही पदराच्या गाठीत बांधले. पदराच्या टोकाने ओठांच्या डाव्या कोपऱ्यातला शेंदूर पुसत राहिली.

धाकटी मूर्तीला हात लावतेय हे पाहून फाटकाशी उभ्या हलगीवाल्याला वाटलं, आता निघायचं. त्याने टिपरी उचलून एक ठोका दिला.

धाकटी गर्रकन वळली. इतक्या वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

"वाजवू नका रं! घरात आजारी मानूस हाय."

हलगी खाली गेली. दोर उचलायला आलेले दोघे दोर न उचलताच मागे सरले. माणसं चपला हातात घेऊन एकेक करून फाटकाबाहेर पडली. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन चालू केलं नाही. न्यूट्रल टाकून त्याने ट्रॉलीसकट गाडी उताराला सोडली, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत ती तशीच, आवाज न करता गेली.